चिबडाचा खोटा अहवाल

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या मित्राला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. निवृत्त झालोय, आता कुणी काही वाकडं करू शकत नाही, म्हणूनही असेल — पण नको, कारणं शोधायला बसलो की मी निसटतो. ती खोड मला चांगली ठाऊक आहे.

एक मात्र आधीच सांगतो. ही रडकी गोष्ट नाही. हिच्यात एक बाई जिंकते, आणि अशी झोकात जिंकते की मला आजही ते आठवलं की मी घरात एकटा असलो तरी मांडीवर थाप मारतो. अडचण एवढीच, की त्या जिंकल्या त्या माझ्याविरुद्ध. आणि हे त्यांना माहीत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दौंड तालुक्यात एका साखर कारखान्याची माती परीक्षणाची प्रयोगशाळा होती, तिथं मी केमिस्ट. राहायला खुटबावला, जाऊन-येऊन मोटारसायकल. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढं व्हरांडा. व्हरांड्यात वर्तमानपत्रांवर मातीचे ढीग वाळत पडलेले, प्रत्येक ढिगावर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी. मला माझ्या नजरेची फार घमेंड होती. चिठ्ठी न वाचता माती कुठल्या गावची ते मी सांगायचो. निम्म्या वेळा बरोबर निघायचं, उरलेल्या निम्म्या वेळा मी विषय बदलायचो.

आमच्या कामातली एक तपासणी तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. मातीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा, मुळांचा जो अंश असतो त्याला आम्ही सेंद्रिय कर्ब म्हणतो. तो मोजायला बाटलीत थोडी माती घ्यायची, त्यात डायक्रोमेटचं नारिंगी पाणी घालायचं, वरून सल्फ्युरिक ॲसिड. बाटली तापते. अर्धा तास ठेवून द्यायची. जितका कर्ब जास्त, तितका नारिंगी रंग खर्ची पडतो आणि हिरवा चढतो. आता शिरूर-दौंडच्या कोरड्या मुलखात कर्ब कुठून येणार? इथलं ऊन सगळं खाऊन टाकतं. आमच्या बाटल्या नारिंगीच राहायच्या. वर्षानुवर्षं नारिंगी बघून बघून मला वाटायला लागलं होतं की मी बाटलीकडं न बघताही आकडा लिहू शकेन.

अशात एक दिवस बायजाबाई आल्या.

घोड नदीच्या काठानं इनामगावच्या अलीकडं त्यांची वस्ती. दोन एसट्या बदलून आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. घर पूर्वी मेंढरांवर जगणारं, सासऱ्याच्या काळात कळप विकून जमिनीवर स्थिरावलेलं. नवरा सणसवाडीच्या एका कंपनीत वॉचमन, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायचा. शेती बाई एकट्या बघायच्या. घरच्या सामाईक जमिनीत त्यांच्याकडं कसायला एकच तुकडा होता, नदीच्या जुन्या वळणातला. वरच्या कातळाखालून तिथं बारमाही पाणी पाझरायचं. लव्हाळी, पाणकणीस माजलेलं, पाय टाकला की रुतणार. अशा ओल्या जमिनीला आमच्याकडं चिबड म्हणतात. बायजाबाईंनी त्यातून चर खणून पाणी नदीला काढलं होतं आणि गहू केला होता. गहू कमरेएवढा वाढला, काळाभोर दिसला, आणि ओंब्या सगळ्या पोचट. दाणाच नाही.

हे त्यांनी मला उभ्याउभ्याच सांगितलं. खुर्ची मी दिली नव्हती. पुढचंही सांगितलं — धाकटे दीर किसनआप्पा घरात बजावून बसले होते की पुढच्या हंगामात दाणे आले नाहीत तर चिबड ते घेणार, आणि वैनींनी सणसवाडीला खोलीत राहायला जायचं.

"त्या खोलीत मी मरंन साहेब," त्या म्हणाल्या. अगदी सरळ आवाजात, गाडी चुकेल म्हणतात तसं. मग पिशवी पुढं केली. "माती उचलून बगा. वजनच न्हाई तिला."

उचलली. खरंच, भरलेली पिशवी भुशाच्या पोत्यासारखी हलकी. काळपट तपकिरी माती, तिच्यात बारीक दोऱ्यादोऱ्यांसारखं काहीतरी. मी नाक मुरडलं आणि चिठ्ठी लावली.

चार दिवसांनी तपासायला घेतली. ॲसिड घातल्याबरोबर बाटली हिरवीगार. अर्धा तास कुठला, डोळ्यांदेखत! असं मी कधी पाहिलं नव्हतं. असं पाहिल्यावर माणसानं काय करावं? थांबावं, चिमूटभरच माती घेऊन पुन्हा करून बघावं. शिकाऊ मुलगीसुद्धा तेच करेल. मी काय केलं? मी हसलो. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला म्हणालो, "धनगराच्या रानातला नमुना आहे, लेंड्यांसकट आलाय."

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर हे समजावून सांगतो. कळपवाले शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतात — काही रात्री कळप एकाच शेतात मुक्कामाला ठेवायचा, लेंड्या-मुताचं खत आपोआप रानात पडतं, आणि शेतकरी बदल्यात धान्य देतो. त्या खताला तोड नाही. म्हणून धनगराची माती काळी निघाली, कर्ब जास्त निघाला, की माझं उत्तर तयार: लेंड्या. इतकं सोपं! आणि गंमत म्हणजे बायजाबाई स्वतः मला सांगून गेल्या होत्या, "मेंढरं तिथं कवाच बसली न्हाईत. भुई हालती पायाखाली, मेंढरू भितं." मी मान डोलावली होती. समोरच्याचं ऐकायचं नसलं की माणूस डोलावतो तशी.

व्हरांड्यात त्यांच्याच शिवारातल्या दुसऱ्या कुणाच्या वरच्या रानाचा नमुना होता, तपासून झालेला. त्याचा आकडा उचलला आणि बायजाबाईंच्या अहवालात लिहिला. सेंद्रिय कर्ब: मध्यम. खाली नेहमीची शिफारस, नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती. आणि जमीन ओली आहे म्हणाल्या होत्या म्हणून वर एक ओळ माझ्या पदरची: निचरा सुधारावा. सही ठोकली.

हे पाप होतं का? — नाही, हा आळस होता. मी एवढाच आळशी असतो तर तुमचा वेळ घेतला नसता.

बायजाबाई दुसऱ्या वर्षी परत आल्या. अहवाल घरात मोठ्यानं वाचला गेला होता. किसनआप्पांना आयतंच फावलं. कागद म्हणतो जमीन चांगली आहे, मग खोट कुणात? वैनींच्या हाताला गुण नाही, हे वस्तीभर झालं. माझ्या ओळीप्रमाणं चर आणखी खोल खणला गेला. सांगितलेलं खत घातलं. गहू आणखी उंच झाला, आडवा झाला, आणि ओंब्या पुन्हा पोचट. आप्पांनी आणखी एकच हंगाम दिला होता, तोही नवऱ्यानं सणसवाडीहून येऊन हातापाया पडल्यावर.

"कागद चुकला आसंल का साहेब?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नाही, टोमणा नाही. "येकदा परत बगता का?"

या वेळी मी बघितलं. चिमूटभर माती घेतली, नीट मोजून. आकडा आला तो आमच्या रजिस्टरात कधीही न आलेला. मग त्यांच्या पिशवीतली कोरडी चिमूट मुशीत घालून खाली बर्नर लावला. माती धुपासारखी लाल झाली, कडेकडेनं सरकत सरकत जळत गेली, आणि खाली राहिली ती बोटाला लागेल एवढी राख.

माती जळताना पाहिलीय कधी तुम्ही? मी पाहिली. आणि मला कळलं — अगदी स्वच्छ कळलं — की हे पीट आहे. कॉलेजच्या पुस्तकात एक पान होतं, परीक्षेला न येणारं. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून मेलेली लव्हाळी, मुळं पुरती कुजत नाहीत. एकावर एक थर साचत जातात, शेकडो वर्षं. दगडाची नव्हे, झाडांची माती. तिच्यात पिकाला तांबं मिळत नाही, म्हणून गहू नुसता वाढतो, दाणा भरत नाही. थंड, पावसाळी देशांत असते, असं पुस्तक सांगत होतं. आमच्या कोरड्या मुलखात ती असायला एकच वाट — कुठंतरी झऱ्यानं एक कोपरा कायम ओला ठेवलेला असला पाहिजे. बायजाबाईंच्या कातळाखालच्या झऱ्यानं नेमकं तेच केलं होतं. आणि आम्ही चर खणून ते पाणी काढून टाका म्हणत होतो!

दुसरा कुणी असता तर नाचला असता. माझ्या हातात शोध होता हो! साहेबांच्या केबिनमध्ये धावत जाऊन टेबलावर ती पिशवी आपटायला हवी होती.

पण फाईलमध्ये गेल्या वर्षीच्या अहवालाची कार्बन प्रत होती, माझ्या सहीची. आमचे साहेब नवे होते, कडक होते. हा आकडा खरा म्हटला तर मागचा खोटा ठरणार, आणि मागचा कसा आला हे विचारलं जाणार. मी त्या प्रतीकडं किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग पेन उचललं आणि लिहिलं: सेंद्रिय कर्ब, मध्यम. निचरा सुधारावा. हा आळस नव्हता. सगळं माहीत असून, शुद्धीत, चांगल्या अक्षरात मी हे लिहिलं. बायजाबाईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि पिशवीत नीट ठेवला.

त्या उन्हाळ्यात चिबड पेटलं.

शेजाऱ्यानं उसाचं पाचट जाळलं होतं. ठिणगी बांधावरून आत गेली असणार. जाळ कुठंच नाही, पण जमिनीतून धूर. दोन दिवस, तीन दिवस, विझायचं नावच नाही. एका ठिकाणी पाय खचून एकाच्या पोटरीला चटका बसला. कुणी नारळ फोडला, कुणी लिंबं ठेवली, कुणी म्हणालं खाली भूत हाय. किसनआप्पांनी कारखान्याला फोन केला — तुमचा कागद म्हणतो जमीन चांगली, मग ती जळतीय कशी? साहेबांनी पाठवलं कुणाला? मलाच.

मी पोचलो तेव्हा आप्पांनी दोन टँकर रिकामे केले होते. पाणी वरून ओतलं की मोत्यासारखे थेंब होऊन गडगडत चरात जायचं आणि चरातून नदीला. अशी माती एकदा कडकडीत वाळली की पाणी पीतच नाही. हे मला माहीत होतं, त्या सगळ्या गर्दीत एकट्या मला. बोललो का? नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता — तुला कसं माहीत?

बायजाबाई मात्र चराच्या तोंडाशी उभ्या राहून पाणी कुठं जातंय ते बघत होत्या. मग ओरडल्या — मी तो आवाज विसरणार नाही — "आप्पा, टँकर थांबवा! वरनं न्हाई प्यायची ती. खालनं पाजाया लागंल!" चर जिथं गाडीवाटेखालच्या सिमेंटच्या नळीतून नदीकडं जात होता, तिथं त्या स्वतः उतरल्या. घरातली दोन जाडजूड घोंगडी आणवली, पाण्यात बुचकळून नळीत ठासली, पुढं मुरमाची पोती रचली. लोकरीचं घोंगडं, पाण्यानं फुगलेलं. थेंब बाहेर जाईना. आप्पा म्हणाले, बाई येडी झाली.

आणि झरा होता की! तो थोडाच थांबणार? चर भरला. पाणी मागं सरकलं, जमिनीत बाजूनं शिरलं, खालून वर चढायला लागलं. तिसऱ्या दिवशी धूर पातळ झाला, जागोजाग फुसफुस वाफ आली, आणि चौथ्या दिवशी चिबड गप. दोन टँकरना जमलं नाही ते दोन घोंगड्यांनी केलं! लोकांनी बायजाबाईंना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बांधावरचा हद्दीचा दगड मात्र गुडघाभर वर आलेला दिसत होता. दगड होता तिथंच होता, जमीन खाली गेली होती. पाणी काढलं की अशी जमीन बसते, आणि बसलेली परत उठत नाही. तेवढी त्यांची जमीन माझ्या एका ओळीनं गेली.

त्यांनी नळी पुन्हा उघडली नाही. गव्हाचा नाद सोडला. झऱ्याच्या तोंडाशी त्यांनी पूर्वीपासून अळवाचे चार कंद लावलेले होते, ते सगळ्या चिबडात पसरवले. आणि काय अळू आलं! एकेक पान असं की त्याच्याखाली लहान पोर पावसात कोरडं राहील. शिरूरच्या बाजारात त्यांच्या जुड्या आधी संपायच्या. आणि सणसवाडीलाही त्या गेल्या बरं का — राहायला नाही, अळू विकायला! यूपी-बिहारच्या कामगारांना तर घर भेटल्यासारखं झालं. "मौसी, अरबी लायी क्या?" म्हणून वाट बघत बसायचे. कंदसुद्धा उरायचे नाहीत. हंगाम संपला तेव्हा चिबड बायजाबाईंकडंच राहिलं.

इथं गोष्ट संपली असती तर मीही कदाचित स्वतःला माफ करून मोकळा झालो असतो. पण काही वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, पुण्याहून मृदाशास्त्राच्या एक मॅडम आल्या. पेटणाऱ्या जमिनीची कथा आमच्या साहेबांकडून त्यांच्या कानावर गेली होती. माती काढायचं लांब गिरमिट घेऊन त्या चिबडात उतरल्या, मातीचा गोळा हातात घेतला आणि लहान मुलीसारख्या किंचाळल्या. अशा कोरड्या भागात पीट! सगळी वस्ती जमली. प्रयोगशाळेतर्फे मीही हजर होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅडमना पुढच्या अभ्यासासाठी दर महिन्याला नमुने काढून ठेवणारं स्थानिक माणूस हवं होतं, आणि ते काम आपल्यालाच मिळावं म्हणून किसनआप्पा पुढं पुढं करत होते.

बायजाबाईंनी जपून ठेवलेले दोन्ही अहवाल मॅडमच्या हातात दिले. मॅडमनी वाचले. कपाळाला आठी पडली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे आकडे कसे आले?"

साधा प्रश्न. शांत आवाज. सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटतं, आयुष्यात खरं बोलायची एवढी सोपी संधी कुणालाच मिळत नसेल. तीन शब्द पुरले असते: मी मनानं लिहिले.

मी म्हणालो, "बाईंनी नमुना वरच्या रानातून घेतला असणार, मॅडम. या लोकांना नमुना कसा घ्यायचा ते कुठं कळतं."

हे ते. इतका वेळ मी ज्याच्याभोवती घिरट्या घालत होतो ते हेच वाक्य. दोन खोट्या आकड्यांपेक्षा मला ते जड जातं. "या लोकांना." लेंड्यांवर हसलेलो तोच मी, तेवढ्याच अकलेचा, फक्त आता घाबरलेला.

आप्पांनी लगेच उचललं. "बगा! दोन येळा चुकीची माती नेली वैनींनी. मॅडम, नमुन्याचं काम हिशोबी मानसाला द्या."

बायजाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारख्या. मग त्यांनी पदर खोचला, खुरपं उचललं आणि चिबडात उतरल्या. आता जे सांगतो ते मी जन्मभर सांगत राहीन, इतरांना सांगताना फक्त सुरुवात गाळून!

त्यांनी वरचं गवत खरवडून बाजूला केलं. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घेतला, सरळ कडेनं वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती उतरवली. आमच्या पत्रकात छापलंय तसं, रेघ न रेघ. एका जागी नाही, पाच-सहा जागी. पण माती एकत्र कालवली नाही. वरची, मधली, खालची, तीन अळवाच्या पानांवर तीन ढीग केले. मग प्रत्येकातली एकेक मूठ घेऊन सगळ्यांसमोर पिळली. वरची माती बोटांच्या फटींतून पिठल्यासारखी सगळीच्या सगळी बाहेर आली, मुठीत काही उरलं नाही. मधलीतून गढूळ पाणी आलं, थोडी माती गळली, थोडी राहिली. खालची पिळली तर चहासारखं स्वच्छ तपकिरी पाणी, आणि मूठ उघडल्यावर आत लव्हाळ्याची मुळं, दोरा न दोरा शाबूत.

"वरची मेलेली," त्या म्हणाल्या, "मधली मराया टेकलेली, आन् खालची आजून जित्ती हाय. चर खनला, वारं शिरलं, तवापासनं ही वरनं मरत चालली. मी रोज बगती."

मॅडमनी ती मुळं स्वतःच्या तळहातावर घेतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की जगभरचे मातीचे अभ्यासक पीटचे हेच तीन वर्ग करतात — तंतुमय, अर्धवट कुजलेली, पूर्ण कुजलेली — आणि असंच मुठीत पिळून करतात; फक्त त्यांना हे शिकायला कॉलेजात जावं लागतं. "मावशी, नमुने तुम्हीच काढायचे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही तुम्हीच शिकवायचं."

काय टाळ्या पडल्या! बायका तर शिट्ट्या मारायच्या बाकी होत्या. मीही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात, आणि खोट्या नव्हे. माझा ऊर खरंच भरून आला होता. चोर पकडला जाताना चोरच टाळ्या वाजवतोय असं कधी ऐकलंय? पण त्या क्षणी मला माझी भीतीही आठवत नव्हती. एक बाई गाळात गुडघाभर उभी होती, हातातून तपकिरी पाणी गळत होतं, आणि तिच्या हाताला गुण नाही म्हणणारं अख्खं शिवार तोंडात बोट घालून बघत होतं. पुढच्या महिन्यापासून नमुन्याच्या दिवशी बादली धरायला आप्पाच असायचे. "वैनी, हितं का तिथं?" म्हणून विचारायचे. पोरं पुण्याहून जीपमधून यायची, बूट काढून चिबडात उतरायची, आणि बायजाबाई त्यांना मुठी वळायला शिकवायच्या. "दाबा की जोरात! जेवला न्हाई का सकाळी?"

मॅडमनी नंतर मोठा अहवाल लिहिला. त्याची एक प्रत प्रयोगशाळेत आली. त्यात त्या चिबडाचं सगळं आहे — झरा, थर, राख, बसलेली जमीन. बायजाबाईंचं नाव आभारात आहे, ठळक. आणि मधल्या एका पानावर एक ओळ आहे, की यापूर्वीच्या तपासण्यांत ही माती लक्षात आली नाही, कारण शेतकऱ्यानं नमुने चुकीच्या जागेवरून घेतले होते. बाई नमुना काढायला नंतर शिकल्या असतील असं समजून मॅडमनी बिचाऱ्यांनी माझा शब्द खरा मानला होता. ती ओळ छापलेली आहे. पुसता येत नाही.

बायजाबाईंच्या पुतणीनं त्यांना तो अहवाल वाचून दाखवला असावा. कारण नंतर एकदा शिरूरच्या बाजारात त्यांनी मला हाक मारली. अळवाची सगळ्यांत मोठी जुडी काढून माझ्या पिशवीत कोंबली, पैसे काही केल्या घेतले नाहीत. मग थोडं पुढं वाकून, बाकीच्या बायकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, "साहेब, येक इचारू? त्या दोन टायमाला माजं काय चुकलं व्हतं? म्या तर चिबडातनंच घेतली व्हती. सांगा, म्हंजी परत व्हायचं न्हाई."

बाजार भरलेला. त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या. शिकायला.

मी म्हणालो, "थोडं खोल खणायला हवं होतं."

"आस्सं व्हय!" त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मंग बराबर."

त्या दिवसापासून बायजाबाई प्रत्येक खड्डा हातभर जास्त खणतात. गाळात, पाण्यात, या वयात. पुण्याहून येणाऱ्या पोरांनाही तसंच शिकवतात — साहेबांनी सांगितलंय म्हणून. मी मागच्या महिन्यात बांधावरून पाहिलं. त्या खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घालून वाकल्या होत्या.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दोन्ही नमुने चिबडातलेच होते, बरोबर घेतलेले होते, पुरेसे खोल होते. आकडे मी लिहिले.